उपग्रहांवरील घड्याळांची पारख

न्हावा येथे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा पुरवठा तळ आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर भर समुद्रात पसरलेल्या ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्रातील फलाटांना लागणारे साहित्य येथून जहाजांनी रवाना होते. १९७४ साली या क्षेत्रात तेल सापडले आणि पुढे नवी मुंबईचा हा किनारा त्या दूरच्या फलाटांशी जोडला गेला आहे. फलाटाजवळ पोहोचलेल्या जहाजाला तेथे मनाजोगता नांगर टाकता येत नाही. कारण समुद्रतळावर तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या नळांचे जाळे असते. म्हणून अशा कामासाठी बांधलेली आधुनिक जहाजे आपले पंखे सतत कमीअधिक फिरवीत, वारा, लाटा आणि प्रवाह यांना तोंड देत एकाच जागी उभी राहतात. आपण जागेवरून किती सरकलो, हे जहाजावरील संगणकाला क्षणोक्षणी कळावे लागते. आणि ते कळण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे आकाशातील मार्गनिर्देशक उपग्रह होत.

फलाट आणि जहाज यांमधील काही मीटरांचे अंतर किती मोलाचे असते, हे २७ जुलै २००५ रोजी दिसून आले. ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय उत्तर फलाटावर आदळले, वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीला धक्का बसला, आग भडकली आणि सुमारे दोन तासांत संपूर्ण फलाट नष्ट झाला. २२ जणांचा त्यात अंत झाला. त्या दुर्घटनेचा उपग्रहांशी किंवा त्यांच्या घड्याळांशी काही संबंध नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु अशा ठिकाणी काम करणाऱ्या यंत्रणेला स्थान सांगणारी प्रत्येक माहिती पारखूनच घेतली पाहिजे, ही गोष्ट त्यावरून सहज ध्यानात यावी. उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थानाचा पाया घड्याळ हा आहे. ते घड्याळ या क्षणी किती पुढे वा मागे आहे, याची जी माहिती तत्क्षणी पुरविली जाते तिची पारख कशी करतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कुलाब्याचे घड्याळ

जहाजे आणि घड्याळे यांचे नाते मुंबईला नवे नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा उभारली, ती खगोलीय निरीक्षणांसाठी आणि कालमापनासाठी. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी असे. जहाजावरील घड्याळ चार सेकंद चुकले, तर रेखांश एका कलेने चुकतो. मुंबईच्या अक्षांशावर ही चूक सुमारे पावणेदोन किलोमीटर भरते. खडकाळ किनारा गाठणाऱ्या शिडाच्या जहाजाच्या दृष्टीने ती काही लहान चूक नव्हे.

उपग्रहांच्या बाबतीत मात्र हिशेब पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीचा नसून प्रकाशाच्या गतीचा आहे. उपग्रह आपल्या घड्याळानुसार संदेश केव्हा निघाला ते सांगतो. ग्राहक यंत्र तो केव्हा पोहोचला ते पाहते. मधल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. सेकंदाच्या एक सहस्रांश भागाची चूक म्हणजे ३०० किलोमीटरांची चूक. एक दशलक्षांश भागाची चूक म्हणजे ३०० मीटरांची. सेकंदाचा अब्जावा भाग, ज्याला नॅनोसेकंद म्हणतात, तेवढ्या अल्प काळातही प्रकाश ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट, पुढे सरकतो. लग्नघटिकेसाठी पाण्यात सोडलेले घटिकापात्र २४ मिनिटांनी बुडते आणि तेवढ्या काटेकोरपणावर मुहूर्त सुखाने साधतो. येथे मात्र फुटाफुटाचा हिशेब नॅनोसेकंदांत करावा लागतो.

ग्राहक यंत्रात साधे क्वार्ट्झचे घड्याळ असते. त्याची चूक ही एक अज्ञात राशी मानली जाते. स्थानाच्या तीन राशी आणि घड्याळाची एक, अशा चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह लागतात. ग्राहक यंत्राच्या घड्याळाची चूक अशा रीतीने गणितातच सुटते. उपग्रहाच्या घड्याळाची चूक मात्र सुटत नाही. ती कोणीतरी मोजून सांगावी लागते.

तीन प्रकारची माहिती

उपग्रहांवर रुबिडियम, सिझियम किंवा हायड्रोजन यांच्या अणूंवर आधारलेली घड्याळे असतात. उत्तम रुबिडियम घड्याळाची दिवसभरातील अस्थिरता एकावर चौदा शून्ये मांडून येणाऱ्या संख्येत एक भाग इतकी राखता येते. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात. तेव्हा ही अस्थिरता दिवसाला एक नॅनोसेकंदाच्या आत येते. त्यातच सापेक्षतावादाचा परिणाम असतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जी.पी.एस. उपग्रहाचे घड्याळ भूपृष्ठावरील घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. अंतराच्या भाषेत ही चूक दररोज ११ किलोमीटरांहून अधिक होईल. यास्तव घड्याळाची कंप्रता जमिनीवरच तेवढी कमी करून ठेवलेली असते.

एवढे करूनही घड्याळ आपल्या स्वभावानुसार सरकतेच. ते किती सरकले, याची माहिती वापरणाऱ्याला प्रामुख्याने तीन वाटांनी मिळते.

पहिली वाट म्हणजे उपग्रह स्वतःच प्रक्षेपित करीत असलेला संदेश. भूनियंत्रण केंद्र उपग्रहाला एक छोटे सूत्र पाठवून ठेवते: अमुक क्षणी घड्याळ इतके पुढे होते, ते अमुक वेगाने सरकत आहे. पुढील काही तास उपग्रह तेच सूत्र सांगत राहतो. हे भाकीत होय. आंतरराष्ट्रीय जी.एन.एस.एस. सेवा ही संस्था १९९४ पासून जगभरच्या स्थानकांच्या साह्याने उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळे मोजीत आली आहे. तिच्या कोष्टकानुसार जी.पी.एस.च्या या प्रक्षेपित घड्याळांची चूक सुमारे ५ नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर धरली जाते. मोटारचालकाला कळंबोलीच्या चौकात योग्य रस्ता दाखविण्यास ही अचूकता पुरेशी आहे.

दुसरी वाट म्हणजे याच संस्थेचे अंतिम फलित. सर्व स्थानकांची निरीक्षणे गोळा करून, अनेक केंद्रांची स्वतंत्र गणिते एकत्र जुळवून ते तयार होते. त्यातील घड्याळांची चूक ७५ पिकोसेकंद, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास असते. परंतु ते हाती येण्यास १२ ते १८ दिवस लागतात.

तिसरी वाट या दोहोंच्या मधली आहे. १ एप्रिल २०१३ पासून याच संस्थेची तत्क्षणी सेवा सुरू आहे. स्थानकांची निरीक्षणे दर सेकंदाला इंटरनेटवरून गणनकेंद्रांकडे धावतात, तेथे घड्याळांच्या चुका काढल्या जातात आणि प्रक्षेपित संदेशात कोणती दुरुस्ती करावी, ते काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा प्रसारित होते. निरीक्षणापासून दुरुस्तीपर्यंत साधारणतः अर्ध्या मिनिटाचा विलंब लागतो. या माहितीतील घड्याळांच्या अचूकतेचे उद्दिष्ट ०.३ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर, असे ठेवण्यात आले. व्यापारी तत्त्वावर अशाच दुरुस्त्या पुरविणाऱ्या सेवाही आहेत आणि समुद्रावरील कामांत त्यांचा बराच वापर होतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जमिनीच्या मोजणीसाठी हल्ली जे रोव्हर वापरतात, त्यांना जवळच्या कायम स्थानकाची जोड असते. दोन्ही यंत्रे एकच उपग्रह पाहतात, आणि एकाच्या निरीक्षणातून दुसऱ्याचे वजा केले की उपग्रहाच्या घड्याळाची चूक नाहीशी होते. तेव्हा पनवेल किंवा उरणच्या शेताची हद्द मोजताना घड्याळांच्या या काटेकोर माहितीची वाण सहसा भासत नाही. जेथे जवळपास स्थानकच नाही, तेथे खरी गरज पडते. अशा ठिकाणी एकाकी यंत्राला उपग्रहाच्या घड्याळाची चूक दुसऱ्याकडून ऐकूनच घ्यावी लागते. मुंबई हायच्या पाण्यातील जहाज या वर्गात मोडते.

तुलना कशी करावी

तत्क्षणी मिळालेली घड्याळमाहिती जपून ठेवावी, दोन-तीन आठवड्यांनी अंतिम फलित आले की त्याच क्षणांच्या आकड्यांशी ती ताडून पाहावी आणि फरक काढावा, ही पद्धत सरळ दिसते. परंतु नुसती वजाबाकी केल्यास भलतेच उत्तर येते. कारण प्रत्येक गणनकेंद्र उपग्रहांची घड्याळे आपापल्या कालमानाशी ताडून सांगते. एका केंद्राचे कालमान दुसऱ्याहून कित्येक नॅनोसेकंदांनी वेगळे असू शकते आणि ते क्षणोक्षणी हलूही शकते. वापरणाऱ्याला त्याची झळ पोहोचत नाही. सर्व उपग्रहांची घड्याळे सारखीच पुढे असतील, तर तेवढी चूक ग्राहक यंत्राच्या घड्याळात जमा होते आणि स्थान अबाधित राहते. महत्त्व आहे ते उपग्रहाउपग्रहांतील फरकाला.

समजुतीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. क, ख, ग, घ या चार उपग्रहांसाठी एका क्षणी तत्क्षणी आणि अंतिम माहितीतील फरक अनुक्रमे ३.२, ३.१, ३.५ आणि ३.० नॅनोसेकंद आला. प्रथमदर्शनी वाटेल की तत्क्षणी माहिती एक मीटरने चुकते आहे. पण चौघांची सरासरी ३.२ आहे, हा दोन कालमानांतील फरक होय. तो वगळला की ०, उणे ०.१, अधिक ०.३ आणि उणे ०.२ एवढेच उरते. पुढच्या क्षणी फरक ७.१, ७.०, ७.४ आणि ६.९ झाले. आकडे दुपटीहून वाढले, तरी सरासरी ७.१ वगळता शिल्लक पूर्वीचीच राहते. म्हणजे घड्याळमाहिती जराही बिघडलेली नाही. केवळ कालमान सरकले आहे.

या शिलकीचे मोजमाप दोन तऱ्हांनी करतात आणि दोहोंचा अर्थ भिन्न आहे. शिलकींचे वर्ग करून त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले, तर वरील उदाहरणात सुमारे ०.१९ नॅनोसेकंद, म्हणजे साडेपाच सेंटिमीटरांहून किंचित जास्त उत्तर येते. उलट प्रत्येक उपग्रहाची शिल्लक स्वतःच्या सरासरीभोवती किती हलते, हे प्रमाण विचलन काढले, तर ते शून्य येते. कारण दोन्ही क्षणी ती तशीच राहिली. ‘ग’ उपग्रहाचे घड्याळ सदोदित ०.३ नॅनोसेकंद पुढे दाखविले जात आहे, पण ते हलत मात्र नाही.

यांपैकी कोणता आकडा खरा मानावा? दोन्ही खरे आहेत. काटेकोर स्थाननिश्चितीत ग्राहक यंत्र वाहक लहरींच्या आवर्तनांची मोजदाद करते. आरंभी किती पूर्ण आवर्तने झाली होती, ही त्यात अज्ञात राशी असते. कायम राहणारी घड्याळचूक त्या अज्ञात राशीत मुरून जाते. हलणारी चूक मुरत नाही. म्हणून यंत्र एकदा स्थिरावल्यानंतर स्थान किती डळमळेल, हे प्रमाण विचलन सांगते. यंत्र सुरू केल्यापासून स्थिरावण्यास किती वेळ लागेल, ते मात्र वर्गमूळाने काढलेल्या आकड्यावर बरेच अवलंबून असते, कारण त्या अवधीत संकेतलहरींच्या ढोबळ अंतरांवर विसंबावे लागते. केवळ प्रमाण विचलन छापून सेवेची थोरवी सांगणारी जाहिरात अर्धेच सांगते, असे म्हणावे लागेल.

आता तिसरा क्षण पाहू. ‘ग’ उपग्रहाच्या माहितीत अचानक ३.२ नॅनोसेकंदांची उडी आली आणि फरक ५.०, ४.९, ८.५, ४.८ असे झाले. सरासरी ५.८ येते. ती वगळता शिल्लक उणे ०.८, उणे ०.९, अधिक २.७ आणि उणे १.० अशी पडते. दोष एकट्या ‘ग’चा, परंतु सरासरीने तो तिघा निर्दोषांत वाटून टाकला! सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधल्या दोन आकड्यांचा मध्य घेतला, तर तो ४.९५ येतो आणि शिल्लक ०.०५, उणे ०.०५, ३.५५ व उणे ०.१५ अशी राहते. गुन्हेगार ताबडतोब उघडा पडतो. एखादा उपग्रह संदर्भ मानून बाकीच्यांची घड्याळे त्याच्याशी ताडण्याची जुनी रीत आहे. संदर्भ म्हणून नेमका ‘ग’च निवडला गेला, तर काय अनर्थ होईल, हे निराळे सांगावयास नको.

कक्षेचा गुंता

घड्याळांची तुलना कक्षेपासून तोडून करता येत नाही. जमिनीवरून पाहणाऱ्या स्थानकाला उपग्रह १० सेंटिमीटर दूर असणे आणि त्याचे घड्याळ एक तृतीयांश नॅनोसेकंद मागे असणे या गोष्टी जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यामुळे गणनकेंद्राने कक्षा १० सेंटिमीटर उंच धरली, तर त्याचे घड्याळ आपोआप तेवढे सरकून चुकीची भरपाई करते. वापरणाऱ्याने त्या केंद्राची कक्षा आणि घड्याळ दोन्ही घेतली, तर त्याला काहीच तोटा होत नाही. परीक्षकाने मात्र घड्याळ तेवढेच तपासले, तर त्याला ०.३३ नॅनोसेकंदांचा दोष दिसतो, जो प्रत्यक्षात कोणालाच बाधत नाही. म्हणून दोन्ही माहितींतील कक्षांच्या उंचीचा फरक आधी हिशेबात धरून मगच घड्याळांचा फरक काढणे योग्य होय. एका केंद्राची कक्षा आणि दुसऱ्याचे घड्याळ अशी सरमिसळ करणाऱ्याला मात्र हा दोष पुरेपूर भोवतो.

आणखी काही बाबी तपासाव्या लागतात. दिलेली कक्षा उपग्रहाच्या गुरुत्वमध्याची आहे की ॲन्टेनाची? कक्षा वर्तुळाकार नसल्यामुळे घड्याळाच्या गतीत जो नियतकालिक चढउतार होतो, तो दोन्ही माहितींत एकाच रीतीने हाताळला आहे काय? कक्षेची विकेंद्रता ०.०१ असेल, तर हा चढउतार २३ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ७ मीटर भरतो. इतकी मोठी चूक निदान लपून तरी राहत नाही, हेच त्यातल्या त्यात समाधान.

विलंबाचा प्रश्न वेगळा आहे. जहाजावर पोहोचलेली दुरुस्ती अर्ध्या मिनिटापूर्वीची असते आणि ती पुढे ओढून चालू क्षणाला लावावी लागते. घड्याळ शांत स्वभावाचे असेल, तर या ओढाताणीत एखाद्या सेंटिमीटराची भर पडते. जी.पी.एस.वरील जुनी सिझियम घड्याळे अल्पावधीत रुबिडियमपेक्षा अधिक थरथरतात. तेथे ही भर वाढते. म्हणून परीक्षकाने दुरुस्ती ज्या क्षणाची होती त्या क्षणाशी नव्हे, तर ती ज्या क्षणी प्रत्यक्ष वापरली गेली त्या क्षणाच्या अंतिम फलिताशी ताडावी. आणि दुरुस्ती आलीच नाही, असे क्षण किती होते, त्यांचीही मोजदाद ठेवावी. आलेल्या दुरुस्त्यांवरूनच अचूकता ठरविणे म्हणजे परीक्षेला न बसलेली मुले वगळून शाळेचा निकाल जाहीर करण्यासारखे आहे. जहाजावरच्या संगणकाला किंचित चुकीच्या दुरुस्तीपेक्षा दोन मिनिटांचे मौन अधिक जड जाऊ शकते. सुदैवाने अशा जहाजांवर स्थान जाणण्याची अन्य स्वतंत्र साधनेही ठेवलेली असतात.

घड्याळे बंद पडतात तेव्हा

भारताने आपल्या स्वतःच्या मार्गनिर्देशक उपग्रहमालिकेचा आरंभ १ जुलै २०१३ रोजी केला. पुढे ‘नॅव्हिक’ हे नाव मिळालेल्या या मालिकेतील सातवा उपग्रह २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला. प्रत्येक उपग्रहावर परदेशातून आणलेली तीन रुबिडियम घड्याळे होती. पहिल्या उपग्रहावरील तिन्ही घड्याळे निकामी झाल्याचे जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झाले. उपग्रह आकाशात धडधाकट, त्याचे सौरपंख आणि प्रक्षेपक चालू. पण वेळ सांगता येत नाही, म्हणून स्थाननिश्चितीला तो निरुपयोगी! युरोपच्या गॅलिलिओ मालिकेतील अनेक घड्याळे बंद पडल्याची वार्ताही त्याच महिन्यात आली. बदली म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेल्या भारतीय उपग्रहाभोवतीचे उष्णतारोधक कवच विलग झाले नाही आणि तो वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा यशस्वीपणे पोहोचला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एन.व्ही.एस.-०१ या उपग्रहावर प्रथमच अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्रात विकसित केलेले देशी रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. २९ जानेवारी २०२५ रोजीच्या त्यानंतरच्या उपग्रहाला मात्र अपेक्षित कक्षा गाठता आली नाही.

नॅव्हिकच्या घड्याळांची पारख जी.पी.एस.पेक्षा अवघड आहे. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून त्यांतील काही विषुववृत्तावर जवळजवळ स्थिर भासतात. उपग्रह आकाशात हललाच नाही, तर स्थानकाला तो नेहमी एकाच कोनातून दिसतो, आणि कक्षेची चूक कोणती व घड्याळाची कोणती, हे वेगळे करणे कठीण होते. यावर उपाय म्हणून या उपग्रहांवर लेसर किरण परतविणारे आरसे बसविलेले आहेत. शिवाय जमिनीवरून द्विमार्गी रेडिओ अंतरमापनही केले जाते. संदेश जाऊन परत येण्याचा काळ जमिनीवरील एकाच घड्याळाने मोजल्यामुळे उपग्रहाचे घड्याळ त्यात येतच नाही. अंतर असे स्वतंत्रपणे कळले की उरलेली चूक घड्याळाच्या नावे मांडता येते. या मालिकेचे कालमान २२ ऑगस्ट १९९९ च्या आरंभापासून मोजले जाते आणि त्याचे नियंत्रण बंगळूरजवळच्या ब्यालालू येथील केंद्रातून चालते.

दोष नेहमी आकाशातच असतो असे नव्हे. २६ जानेवारी २०१६ रोजी जी.पी.एस.चा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरून चुकीचे आकडे चढविले गेले आणि जागतिक वेळेशी असलेला संबंध सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकीचा प्रक्षेपित होऊ लागला. स्थाननिश्चिती बिघडली नाही, पण जी.पी.एस.कडून वेळ घेणाऱ्या अनेक देशांतील दूरसंचार यंत्रणांत गोंधळ उडाला. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा सुमारे आठवडाभर खंडित झाली, तेव्हाही मूळ भूकेंद्रांतच सापडले.

नवी मुंबईतील बिंदू

आकड्यांची तुलना झाल्यावरही एक कसोटी उरते. ज्याचे स्थान आधीच काटेकोर ठाऊक आहे, अशा बिंदूवर ग्राहक यंत्र ठेवावे, तत्क्षणी मिळणाऱ्या दुरुस्त्यांनी त्याचे स्थान काढावे, आणि ते ज्ञात स्थानापासून किती ढळते ते पाहावे. नवी मुंबईत असा बिंदू निवडणे मोठ्या विचाराचे काम आहे. शहराचा बराच भाग खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून उभा राहिला आहे आणि भरावाची जमीन वर्षानुवर्षे दबत राहते. घड्याळाची म्हणून नोंदलेली चूक वस्तुतः इमारतीच्या पायाची असू शकेल. बिंदू पारसिकच्या डोंगरासारख्या कातळावर घेतला, तरीही त्याला तारीख जोडावी लागते. कारण भारतीय भूखंडच वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. दहा वर्षांपूर्वीचे स्थान आज वापरणाऱ्याला अर्ध्या मीटरची चूक सापडेल आणि तो बिचाऱ्या उपग्रहाला दोष देईल!

या अक्षांशावर आयनांबराचाही उपद्रव आहे. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, तेथील विद्युत्भारित वायूत बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठतात आणि उपग्रहांचे संदेश ताऱ्यांप्रमाणे लुकलुकतात. दोन कंप्रतांवर निरीक्षण केल्यास आयनांबराचा विलंब बव्हंशी वजा करता येतो, पण लुकलुकण्यामुळे संदेशच तुटला तर इलाज नसतो. म्हणून दिवसाची आणि रात्रीची अचूकता वेगवेगळी काढणे इष्ट होय. आयनांबराचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईतच, नवीन पनवेल येथे आहे. १९७१ साली स्वायत्त झालेली ही संस्था कुलाब्याच्या त्या जुन्या वेधशाळेचाच वारसा चालविते.

त्या वेधशाळेच्या इतिहासात तुलनेचा एक नमुनेदार पाठ आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतील, हे ओळखून १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. त्या वेळी नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे तिचे संचालक होते. नवी वेधशाळा सुरू होताच जुनी बंद झाली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र चालू ठेवण्यात आल्या, जेणेकरून कुलाब्याची साठ वर्षांची मालिका अलिबागच्या मालिकेशी न तुटता जोडता यावी.

तत्क्षणी माहितीच्या बाबतीत ही सोय अंशतःच मिळते. ज्या अंतिम फलिताशी ती ताडायची, ते पुष्कळदा त्याच गणनकेंद्रांनी त्याच स्थानकांच्या निरीक्षणांवरून तयार केलेले असते. बंगळूर आणि हैदराबाद येथील स्थानकांत एकाच वेळी बिघाड झाला, तर भारतावरील उपग्रहांची घड्याळे दोन्ही माहितींत दुबळी ठरतील आणि त्यांचे आपसांतील जुळणे फसवे निघेल. तेवढ्यासाठी ज्ञात बिंदूवरील स्वतंत्र यंत्राची साक्ष मोलाची असते. हे यंत्र आठवडाभर बंद न करता चालवावे, मधून मधून मुद्दाम नव्याने सुरू करून ते स्थिरावण्यास किती मिनिटे लागतात तेही टिपावे, आणि उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम व उंची यांच्या चुका निरनिराळ्या नोंदवाव्यात. उंचीची चूक सर्वसाधारणपणे अधिक असते, कारण उपग्रह केवळ डोक्यावरच्या बाजूला दिसतात. पायाखालच्या बाजूचे पृथ्वी झाकून टाकते.

समुद्रावर असा ज्ञात बिंदू नसतो. न्हाव्याहून सुटलेल्या जहाजाला फलाटाजवळ उभे राहताना जी दुरुस्ती मिळाली, तिचा अंतिम निवाडा दोन-अडीच आठवड्यांनी लागतो. तोपर्यंत ते माल उतरवून परतलेले आणि बहुधा पुढच्या खेपेलाही निघालेले असते. म्हणूनच त्या दिवशीच्या दुरुस्त्या, त्या ज्या क्षणी वापरल्या गेल्या त्या क्षणांसह, जहाजावरच जपून ठेवाव्या लागतात.